कापराची होडी

शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला केलेली बहुतेक कामं वहीत चिकटवली की संपतात. फुलपाखरू कापलं, रंगवलं, चिकटवलं, बाईंनी खाली सही केली, पान उलटलं. होडीचं तसं होत नाही. ती कितीही सुबक झाली तरी तिचं काम अजून सुरूच झालेलं नसतं. ती पाण्यात सोडावी लागते आणि मग ती तरंगते, कलंडते, एका जागी गोल फिरते किंवा भिजून खाली बसते. ती जमली की नाही हे मुलाने ठरवायचं नसतं, बाईंनीही नाही. ते पाणी ठरवतं. मुलांबरोबर करायच्या सगळ्या खेळण्यांमध्ये मला होडी सर्वांत जास्त आवडते ती एवढ्याचसाठी.

पाणी कुणाचं मन राखत नाही आणि टोमणेही मारत नाही. होडी बुडाली तर बुडाली. ती उचलायची, झटकायची आणि का बुडाली ते बघायचं. मोठ्या माणसाने 'हे चुकलं' म्हटल्यावर ज्या मुलाचा चेहरा पडतो, तेच मूल पाण्याने दहा वेळा 'नाही' म्हटलं तरी अकराव्यांदा कात्री हातात घेतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मुलांना काही शिकवायचं असेल तर शक्यतो मी मधे येत नाही, पाण्याला पुढे करते.

पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी आमच्या सोसायटीतली पाच-सहा मुलं माझ्याकडे जमतात. धाकटी पहिलीत, थोरला सातवीत, मधे कुठेतरी माझी चौथीतली भाची. होड्या सोडायला वाहतं पाणी आमच्याकडे आता उरलेलं नाही. अंगणभर पेव्हर ब्लॉक आहेत आणि गच्चीवरचं पाणी पाइपातून थेट बोअरच्या खड्ड्यात जातं. ती व्यवस्था चांगलीच आहे, उन्हाळ्यात तिचाच आधार असतो. पण होडीच्या मागे धावत जावं असा ओहोळ नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची मोठी पितळी परात आम्ही मागून आणतो. एकेकाळी तिच्यात लग्नाच्या पंगतीची कणीक मळली जायची. तिच्यात चार बोटं पाणी घातलं की पाच-सहा डोकी सहज भोवती बसतात आणि कुठलीही होडी हाताच्या टप्प्याबाहेर जात नाही. लहान मुलांसाठी ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. पाण्यापाशी त्यांना एकटं सोडायचं नाही हा नियम चार बोटं पाण्यालाही लागू आहे.

सुरुवात अर्थातच कागदाच्या होडीपासून. ती करताना मला सगळ्यात गंमत वाटते ती मधल्या टप्प्याची. कागद मधोमध दुमडला, वरचे दोन कोपरे मध्यावर आणले, खालच्या पट्ट्या दोन्हीकडे वर घेतल्या की टोपी होते. कुठल्याही पिढीतलं मूल असो, या क्षणी ते ती डोक्यावर घालतंच. मग टोपी उघडून चौकोन, चौकोनाची टोकं वर दुमडून त्रिकोण, त्रिकोण उघडून पुन्हा चौकोन, आणि शेवटी दोन्ही टोकं धरून हलकेच बाहेर ओढायची. त्या ओढण्यात मुलांचा श्वास अडकलेला असतो, कारण तोवर हातात जे होतं ते होडीसारखं मुळीच दिसत नव्हतं. साध्या होडीवर हात बसला की नांगरहोडी आणि शिडाची होडी येतात. या होड्यांच्या घड्या आमच्याकडे कुणी पुस्तकातून शिकत नाही. कुणाची आजी, कुणाचा मामा, कुणाची मोठी बहीण असं करत त्या हातातून हातात येतात. आमच्या थोरल्याला नांगरहोडी त्याच्या वडिलांनी शिकवली, आणि वडिलांचे हात ती विसरले नव्हते याचं त्याला भारी कौतुक.

वर्तमानपत्राची होडी लवकर भिजते. त्या कागदाचे तंतू पाणी ओढून घेतात, बूड जड होतं आणि ती हळूहळू खाली जाते. जुन्या दिनदर्शिकेच्या गुळगुळीत पानाची होडी कितीतरी जास्त टिकते. का, हे मुलांना सांगावं लागत नाही. दोन्ही कागदांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून बघा एवढं म्हटलं की पुरे. एकावर थेंब पसरतो, दुसऱ्यावर फुगून बसून राहतो. मग कुणाला तरी सुचतं की वर्तमानपत्रालाच काहीतरी लावू या. कुणी तेलखडू घासतं, कुणी सेलोटेपने सगळं बूड मढवतं. मेणबत्ती न पेटवता नुसती घडीवरून जोर देऊन घासली तर कागदाला मेणाचा पातळ थर बसतो आणि होडी निवांत तरंगते. आजींनी हे पाहिलं आणि सांगितलं की त्यांच्या लहानपणी कोकणात कागद वाया घालवायची मुभाच नव्हती, त्या नारळाच्या पोया, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यावरची जाड आवरणं, सोडायच्या. माडावरून सुकून पडलेली पोय मुळात होडीच्याच आकाराची असते, दोन्हीकडे निमुळती, मधे खोलगट. तिला काही करावं लागत नाही. त्या म्हणाल्या, "आम्ही तीत खेकडा बसवायचो. तांडेल तोच." त्या दिवशी परातीत खेकडा आणायचा हट्ट थोपवायला मला बरेच कष्ट पडले.

मातीच्या होडीचा दिवस मला फार आवडतो. मुलांकडे असतो तो रंगीत क्ले पुरतो. प्रत्येकाला सारख्याच वजनाचा गोळा द्यायचा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. गोळा पाण्यात टाकला की थेट तळाला. आता हाच गोळा, यात काही न घालता आणि यातलं काही न काढता, तरंगवून दाखवा. पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुलं त्याची चपटी चकती करतात. तीही बुडते. मग कडा वर येऊ लागतात, वाटी होते, आणि वाटी तरंगते. आर्किमिडीजचा नियम सातवीतल्याला शाळेत भेटलेला होता, पण तो वहीत होता. इथे त्याने आपल्याच हाताने कडा उंच करत नेल्या, होडीने बाजूला सारलेलं पाणी परातीच्या काठाकडे चढलेलं पाहिलं, आणि म्हणाला, "म्हणजे तिने स्वतःच्या वजनाएवढं पाणी ढकलायला पाहिजे. गोळा लहान आहे म्हणून कमी ढकलतो!" एवढं मला पुरतं.

पुढची पायरी ओझ्याची. कुणाची होडी जास्त राजम्याचे दाणे घेते? पातळ भिंतींची, पसरट होडी सगळ्यांना मागे टाकते. पण तीच पसरट होडी दाणे एका बाजूला पडले की झटकन पाणी घेते आणि सगळा माल तळाशी जातो. तेव्हा मी मुलांना मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांची आठवण सांगितली. माणसं चढू लागली की होडीवाला सतत बोलत असतो, अर्धे इकडे बसा, अर्धे तिकडे, उभं राहू नका. प्रवाशांना तो उगीच ओरडतोय असं वाटतं. राजम्याचे दाणे एकदा बुडालेले पाहिले की त्या ओरडण्याचं कारण कळतं. पुढच्या खेपेला धाकटीने एकेक दाणा आळीपाळीने दोन्हीकडे ठेवला, आणि दर दाण्याला स्वतःशीच पुटपुटत होती, "तुम्ही इकडे बसा. तुम्ही तिकडे बसा."

पण ज्या होडीसाठी हा लेख लिहायला घेतला ती वेगळी आहे. तिला वारा लागत नाही, वल्ही लागत नाहीत, रबरबँड लागत नाही, बॅटरी तर नाहीच. तिला लागतो देवघरातला कापूर.

जुन्या लग्नपत्रिकेचा किंवा पोस्टकार्डाचा जाड कागद घ्यायचा, त्याला दोन्हीकडून मेणबत्ती घासायची, आणि अंगठ्याएवढी होडी कापायची. पुढचं टोक निमुळतं, मागची बाजू सरळ. मागच्या बाजूला मधोमध एक छोटी खाच. त्या खाचेत मुगाच्या दाण्याएवढा कापराचा तुकडा असा अडकवायचा की तो पाण्याला टेकेल. परातीत स्वच्छ पाणी. होडी अलगद ठेवायची आणि हात बाजूला घ्यायचा.

ती निघते. कुणी ढकललेलं नसताना निघते. परातीच्या काठाशी जाते, आपटते, तोंड फिरवते आणि पुन्हा निघते. पहिल्यांदा ती निघाली तेव्हा आमच्याकडे क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग एकदम सगळे बोलायला लागले.

पाण्याच्या वरच्या थरातले कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे तो थर सगळीकडून ताणलेला असतो. लांब पायांचे ते किडे तळ्यावर चालतात ते याच ताणाच्या जोरावर. होडी नुसती ठेवली तर तिला पुढचं पाणी जितकं ओढतं तितकंच मागचंही ओढतं, म्हणून ती जागची हलत नाही. कापूर पाण्याला टेकला की तिथला ताण कमी होतो. रस्सीखेचीत एका बाजूच्या गड्यांनी हात सैल सोडावेत तसं मागच्या पाण्याचं होतं आणि पुढचं पाणी होडीला ओढून नेतं. म्हणजे कापूर होडीला ढकलत नाही. पुढचं पाणी तिला बोलावतं. भाचीला हे फार आवडलं, आणि ती दोन दिवस घरात येईल त्याला तेच सांगत होती.

हेच साबणाने किंवा भांडी घासायच्या लिक्विडच्या थेंबानेही होतं, आणि पुष्कळ ठिकाणी मुलांना तीच होडी दाखवतात. पण साबणाची होडी एकदाच सुळकन जाते आणि थांबते. साबण सगळ्या पाण्यावर पसरून तिथेच राहतो, मग पुढचं आणि मागचं पाणी सारखंच सैल. कापराचं वेगळं आहे. तो हवेत उडून जातो. देवघरात उघडी राहिलेली वडी झिजलेली सगळ्यांनी पाहिलेली असते. पाण्यावर पसरलेला कापूरही तसाच उडत राहतो, पुढचं पाणी पुन्हा पुन्हा ताणलेलं होतं, आणि होडी कितीतरी वेळ फिरत राहते. माझ्या मते मुलांसाठी कापराचीच होडी करावी. एकदाच घडणारी गोष्ट जादूच्या प्रयोगासारखी वाटते आणि मूल टाळ्या वाजवून पुढे जातं. जी गोष्ट चालत राहते तिच्याकडे ते बघत बसतं, आणि बघता बघता त्याला प्रश्न पडायला लागतात.

प्रश्न पडले ते असे. "माझी गोलगोलच का फिरतेय?" खाच मधोमध न येता एका बाजूला आली होती. हे कळल्यावर दोघांनी मुद्दाम डावीकडे आणि उजवीकडे खाचा पाडून उलट-सुलट फिरणाऱ्या होड्या केल्या. भाचीने होडीचं मागचं टोक किंचित खाली वाकवून सुकाणू केलं. कुणी विचारलं, दोन खाचा केल्या तर दुप्पट पळेल का. कुणी म्हणालं, होडीच नको, नुसता कापूर टाकू. त्याचे बारीक कण पाण्यावर टाकले तर ते सैरावैरा धावू लागले. धाकटीला वाटलं ते जिवंत आहेत.

आणि मग होडी थांबली. ती थांबते तेव्हाच खरी गोष्ट सुरू होते. कापूर संपला नव्हता, खाच ठीक होती, पाणीही तेच. थोरल्याने सगळं तपासलं. शेवटी बोटं फिरली ती दुसरीतल्या एका मुलीकडे. तिच्या आईने सकाळीच तिच्या डोक्याला खोबरेल तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या. तिने वेणी मागे टाकली होती आणि त्याच हाताने पाण्यात बोट बुडवलं होतं. ती रडवेली झाली. मी पाणी ओतून दिलं, परात नुसत्या पाण्याने पुन्हा पुन्हा विसळली, नवं पाणी घेतलं, होडी सोडली. पळायला लागली. मग तिलाच सांगितलं, आता तुझं बोट पुन्हा बुडव. होडी जागच्या जागी थांबली. त्या दुपारभर ती मुलगी सगळ्यात महत्त्वाची होती, कारण नुसत्या बोटाने होडी थांबवायची ताकद तिच्याकडेच होती. बाकीच्यांनी घरी जाऊन डोक्याला तेल लावून घेतलं.

तिने जे केलं तेच 1890 साली इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने केलं होतं. हवेतल्या आरगॉन वायूच्या शोधासाठी ज्यांना 1904 चं नोबेल पारितोषिक मिळालं ते हेच रॅले. त्यांनी आंघोळीच्या 84 सेंटीमीटर व्यासाच्या टबात पाणी घेतलं, त्यावर कापराचे कण नाचवले आणि ऑलिव्ह तेल इतकं इतकं करत टाकत ते कण कधी थांबतात ते पाहिलं. सुमारे 0.8 मिलिग्रॅम तेलात नाच थांबला. एवढं तेल एवढ्या पाण्यावर पसरलं तर थर किती जाड, हा साधा भागाकार आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दीडपेक्षा किंचित जास्त. अणुरेणू खरोखर आहेत की ती नुसती सोयीची कल्पना, यावर तेव्हा मोठमोठ्या लोकांचे वाद चालू होते. त्या काळात एका माणसाने कापूर, तेल आणि टब घेऊन रेणूच्या आकाराच्या जवळपास पोचणारं माप काढलं.

त्याच्याही कितीतरी आधी बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं होतं. वाऱ्याने लाटा उठलेलं पाणी अर्धा एकरभर आरशासारखं शांत झालं, असं त्याने 1774 साली छापलेल्या आपल्या निबंधात नोंदवलं. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. थोरल्याच्या गावी त्यांची वीस गुंठे जमीन आहे, त्यामुळे ते किती मोठं ते त्याला डोळ्यांपुढे आणता आलं. त्याने वहीत मांडलं. एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, वीस गुंठे म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर. दशांश चिन्हाच्या मागची शून्यं मोजताना त्याची गडबड झाली, पुन्हा मोजली, आणि उत्तर रॅलेच्या मापाच्या आसपासच आलं. फ्रँकलिनने हा भागाकार केलाच नव्हता, हे ऐकून त्याला फार हळहळ वाटली. "एवढं केलं आणि भागलंच नाही?"

या सगळ्यात मला जिच्याविषयी सांगायचंच होतं ती बाई म्हणजे आग्नेस पोकेल्स. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात राहणारी. तिला पदार्थविज्ञानाची ओढ होती, पण तिच्या तरुणपणी तिथल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती. धाकटा भाऊ शिकायला गेला, ही आजारी आईवडिलांची सेवा करत घरी राहिली. भाऊ पुस्तकं पाठवायचा. स्वयंपाकघरातल्या पाण्यावर तेलातुपाचा तवंग कसा वागतो, हे ती विशीत असल्यापासून बघत आली होती. तिने पत्र्याचं एक लांबट उथळ भांडं केलं, त्यात काठोकाठ पाणी भरलं, आणि त्याच्यावर आडवी पत्र्याची पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की तवंग एका बाजूला दाबला जायचा. पाण्याचा ताण किती हे मोजायला तिने तराजूला टांगलेली, बटणाएवढी बारीक चकती वापरली. ही बारीकसारीक मोजमापं ती जवळजवळ दहा वर्षं एकटीच करत राहिली. रॅलेंचं काम वाचनात आल्यावर जानेवारी 1891 मध्ये तिने त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅलेंनी ते 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवलं आणि मार्च 1891 मध्ये ते छापून आलं. पृष्ठभागाच्या अभ्यासात पुढे जी उपकरणं वापरली गेली त्यांचं मूळ तिच्या त्या पत्र्याच्या भांड्यात आहे. ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली ती 1932 मध्ये, तेव्हा ती सत्तर वर्षांची होती.

हे मी मुलांना सांगितलं तेव्हा आजी परात न्यायला आल्या होत्या. त्या दारातच थांबून ऐकत राहिल्या. खरकट्या भांड्यातल्या पाण्यावर तेलाचे गोल कसे तरंगतात आणि राखेचा हात लागला की कसे पळतात, हे त्यांनी साठ वर्षं पाहिलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिला कुणी विचारलं तरी. बरं झालं." पुढच्या रविवारी परात मागायला गेले तर त्यांनी ती स्वतः चिंचेने लख्ख घासून ठेवली होती, आणि आपणही खुर्ची घेऊन येऊन बसल्या. चिंचेवर साबण लावू नका हे मात्र मला सांगावं लागलं. साबणाचा किंचित अंश राहिला तरी ही होडी हलत नाही. पुष्कळ घरांत हा प्रयोग फसतो तो याच कारणाने. भांडं फार मनापासून साबणाने घासलेलं असतं.

एकदा पाऊस थांबल्यावर मुलांनी कापराच्या होड्या खाली नेल्या. पार्किंगच्या उतारापाशी खोलगट जागेत पाणी साचलं होतं, परातीपेक्षा कितीतरी मोठं. एकही होडी हलली नाही. पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग होते. मुलांना ते एरवी सुंदर वाटतात, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. गाड्यांचं गळलेलं तेल होतं ते. दुसरीतलीने लगेच ओळखलं, "इथे कुणीतरी बोट बुडवलंय." त्यानंतर त्यांनी सगळीकडची पाणी तपासायचा सपाटा लावला. बादलीतलं, टाकीतलं, गच्चीवर भांड्यात धरलेलं पावसाचं, डाळ धुतलेलं. कुठे होडी पळते, कुठे अडते, याची यादी माझ्या फ्रिजवर लावलेली आहे. पाणी स्वच्छ आहे की नाही याचं हे काही शास्त्रशुद्ध माप नव्हे, आणि पिण्याच्या पाण्याचा निवाडा यावरून करू नये हे मी बजावून सांगितलंय. पण दिसायला सारखं असलेलं पाणी सारखं नसतं, हे त्यांना आता पक्कं ठाऊक आहे.

जत्रेत मिळणाऱ्या टिनच्या आगबोटीबद्दलही मुलं विचारतात. तिच्या पोटात मेणबत्तीचा तुकडा पेटवला की ती टकटक आवाज करत पाण्यात चालते. थॉमस पिओ नावाच्या गृहस्थाने तसल्या बोटीचं पेटंट ब्रिटनमध्ये घेतलं तेही 1891 सालीच. आत एक लहानसा बॉयलर आणि त्याला जोडलेल्या, मागे पाण्यात उघडणाऱ्या नळ्या, एवढंच यंत्र. वाफ पाणी बाहेर ढकलते, मग वाफ थंड होते आणि पाणी परत आत येतं, पुन्हा बाहेर. तितकंच पाणी बाहेर आणि तितकंच आत, मग बोट जागच्या जागी का हलत राहत नाही? कारण बाहेर पडणारं पाणी एका दिशेने जोरात सुटतं, आणि आत येणारं चहूबाजूंनी गोळा होऊन येतं. घरी ती करायची तर पत्रा कापावा लागतो, ज्योत सांभाळावी लागते, म्हणून ती मी मोठ्या मुलांसाठी राखून ठेवलीय.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्तांनी तिथे बरीच वर्षं मुलांबरोबर फेकून द्यायच्या वस्तूंपासून खेळणी केली, आणि ती कशी करायची ते सगळ्यांसाठी मोफत खुलं ठेवलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांकडे बघताना मला नेहमी जाणवतं की ती कधी फार देखणी नसतात. काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, स्ट्रॉ. ती चालतात, आणि का चालतात ते उघडं दिसतं. हल्ली दुकानात होडीचे तयार संच मिळतात, सगळे भाग कापलेले, भोकं पाडलेली, चित्र दिलेलं. मी ते आणत नाही. त्यात चुकायला जागाच ठेवलेली नसते, आणि खाच बाजूला पडली म्हणून होडी गोल का फिरते हा शोध लागायचा राहून जातो.

पालक कधी कधी मुलांना न्यायला येतात आणि चिमुकल्या हातांतली वेडीवाकडी होडी बघून कात्री आपल्या हातात घेऊ लागतात. प्रेमानेच घेतात. मी त्यांना चहा देते आणि खुर्ची जरा लांब ठेवते. मुलाने कापलेली वाकडी होडी वाकडी चालते, आणि ती वाकडी का चालते ते मुलालाच शोधायचं असतं. बाबांनी कापलेली होडी सरळ गेली तर त्याला बघायला काही उरत नाही.

करून बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. कापूर पोटात गेला तर तो विषारी आहे, लहान मुलांना तर थोडासाही बाधतो. वडी मोठ्या माणसाने हातात ठेवावी, तुकडे आपण करून द्यावेत, तोंडात जाणार नाहीत यावर लक्ष ठेवावं, खेळ झाला की पाणी ओतून द्यावं आणि सगळ्यांचे हात धुवावेत. अगदी लहानांना नुसतं बघायला बसवावं. बघण्यातही त्यांना काही कमी मिळत नाही.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो गरम पाण्याचा. थोरल्याचं म्हणणं, कोमट पाण्यात होडी जोरात जाईल, कारण कापूर लवकर विरघळेल आणि उडेलही लवकर. भाचीचं म्हणणं, गरम पाण्याचा ताणच मुळात कमी असेल, तर पुढून ओढणार कोण? धाकटी म्हणते कापूर वितळून जाईल. मी माझं मत कुणालाच सांगितलेलं नाही. आजी त्यांच्या जावेकडून दुसरी परात आणणार आहेत, म्हणजे एकीत गार आणि एकीत कोमट पाणी घेऊन दोन्ही होड्या एकाच वेळी सोडता येतील. एकाच पत्रिकेच्या, एकाच मापाच्या दोन होड्या थोरल्याने आतापासूनच कापून डब्यात ठेवल्यात, आणि डब्यावर लिहिलंय, 'तेलकट हात लावू नये'.